जोकर माशाची इद्दत

पनवेलच्या उरण नाक्याजवळ माझं माशांचं दुकान होतं म्हटलं, की लोकांना वाटायचं मी बोंबील-मांदेली विकतो. एक बाई तर पिशवी घेऊन थेट आत आल्या. काचेच्या टाक्या बघून म्हणाल्या, "जिवंत ठेवलेत ते बरं केलं, पण साफ करून देता का?" मी विकायचो शोभेचे मासे. घराणं आमचं मिठागरवाल्यांचं. आजोबांनी खाडीकाठी जन्मभर मीठ पिकवलं, वडिलांच्या वेळी जमीन संपादनात गेली, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, तो विकून माझं दुकान उभं राहिलं. समुद्री माशांच्या टाकीला परदेशातून आलेलं बादलीबंद मीठ लागतं. मिठागरवाल्याचा नातू मीठ विकत आणतो, यावरून घरात माझी वर्षभर टिंगल चालली होती.

हा दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचा काळ. पनवेलमध्ये जमिनींचा पैसा आला होता, नव्या बंगल्यांचे हॉल मोठे होते. हॉलमध्ये टाकी हवी आणि टाकीत नारंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा तो मासा हवा. एका कार्टून सिनेमाने त्याला घरोघरी पोचवलं होतं. इंग्रजीत क्लाऊनफिश, आमच्याकडे जोकर. माणसं बोट दाखवून म्हणायची, "तो जोकर द्या." इथपर्यंत सगळं सोपं होतं. डोक्याला ताप झाला तो त्याच्या खऱ्या नावांचा.

माल मुंबईच्या होलसेलवाल्याकडून यायचा. थर्माकोलची खोकी टेम्पोने कळंबोलीला उतरायची, तिथून मी स्कूटरवर घालून आणायचो. प्रत्येक माशाची पिशवी वेगळी, पिशवीवर मार्करने काहीतरी खरडलेलं आणि तेही पाण्याने अर्धं पुसलेलं. सोबत एक यादी. यादीत कधी 'परक्युला', कधी 'फॉल्स परक्युला', कधी 'ऑसेलॅरिस', कधी नुसतंच 'क्लाऊन, बी ग्रेड'. मासा मात्र दर वेळी तोच दिसायचा. नारंगी, तीन पट्टे. फोन केला तर होलसेलवाला म्हणायचा, "अरे, सगळे एकच. गिऱ्हाईक मागेल ते नाव लाव." फॉल्स म्हणजे खोटा, आणि पैसे मोजून खोटा मासा कोण नेईल, असा विचार करून मी टाकीवर पाटी लावून सगळ्यांना 'परक्युला' करून टाकलं.

ती पाटी नीट वाचणारं पहिलं माणूस म्हणजे चाचा. कुवेतला पंचवीस-सव्वीस वर्षं नोकरी करून ते मोहल्ल्यातल्या आपल्या घरी परत आले होते. अंगाने काडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हाताशी रिकामा वेळच वेळ. या माशांबद्दल त्यांनी इंटरनेटवर जेवढं वाचलं होतं, तेवढं मी शाळेच्या दहा वर्षांत वाचलं नसेल.

"ह्यो परक्युला नाय," ते म्हणाले. "ऑसेलॅरिस हाय. काटे मोज."

पाठीवरच्या पंखात परक्युलाला दहा काटे, ऑसेलॅरिसला अकरा. मी गल्ल्यातून भिंग काढलं आणि आम्ही दोघं काचेला नाक लावून मोजत बसलो. मासा एक क्षण स्थिर राहील तर शपथ. त्यांचे अकरा झाले, माझे नऊ. पुन्हा मोजले, माझे तेरा झाले. अर्धा तास गेल्यावर चाचा शांतपणे म्हणाले, "तसं ऑसेलॅरिसला पण कधी कधी दहाच असतात."

"मग मोजतोय कशाला आपण?" मी चिडलोच.

"डोळ्याचा रंग बघायचा, काळी किनार बघायची. सगळं मिळून ठरवायचं. घाई कसली हाय तुला?"

मला घाई होती, कारण बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. पाटी मी बदलली नाही. चाचांनी त्याच टाकीतली एक जोडी घेतली, एक बोटाएवढा आणि दुसरा त्याच्या निम्मा. तिथून पुढे आठ वर्षं, दर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी पाणी बदलायला जात राहिलो. दुकानातली बाकी गिऱ्हाइकं तीन महिन्यांत मासे मारून टाकायची आणि टाकीत प्लास्टिकची फुलं ठेवायची. चाचांची जोडी जगली, वाढली. घरी नेल्यावर दोन-तीन वर्षांनी ते मला म्हणाले, "मला आता डाऊट येतोय. डोळे बघता हे परक्युला पण असतील." मी हात जोडले. जगातला एकमेव माणूस ज्याला हे कळत होतं, त्यालाही कळत नव्हतं.

जोडी विकताना आम्ही दुकानदार सांगायचो, मोठा तो नवरा, लहान ती बायको. कोणी आम्हाला शिकवलं नव्हतं, लग्नाच्या फोटोत जसं असतं तसं आम्ही धरून चाललो होतो. चाचा मात्र उलटं म्हणायचे. मोठ्या माशाला ते बेगम म्हणायचे आणि लहानाला मियाँ. "बघ, बेगम मियाँला कशी ढोसते ती." चाची अंगाने भरलेल्या, चाचा असे किडकिडीत, त्यामुळे ही थट्टा कोणावर आहे ते सगळ्या घराला ठाऊक होतं. आतून चाचींचा आवाज यायचा, "उमर झाली, अक्कल नाय आली." चाचींच्या लेखी मोठा मासा हा नवराच होता. मी चाचींच्या बाजूचा होतो, कारण चहा त्या द्यायच्या.

दरम्यान धंद्यात नवीनच खूळ शिरलं. पूर्वी एखाद्या जोकराचा पट्टा अर्धवट असला, की तो डागी माल म्हणून निम्म्या भावात जायचा. आता तोच मासा 'डिझायनर' झाला आणि पाचपट महाग झाला. पट्टे वितळून पसरल्यासारखे असले तर स्नोफ्लेक. जवळजवळ सगळं अंग पांढरं तर प्लॅटिनम. काळ्यावर पांढरं सांडलेलं तर ब्लॅक आइस, त्यात आणखी काही तरी झालं तर फ्रॉस्टबाइट. तपकिरी रंगाचा मोका. एका फार मोठ्या चित्रकाराच्या नावाचाही एक होता. हे सगळे टाक्यांमध्ये पैदा केलेले, ऑसेलॅरिस आणि परक्युला आणि काळे आणि नारंगी एकमेकांत मिसळून. कोणाचा बाप कोण हे पैदा करणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. यादी दोन पानांची झाली. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून विचारायचं, "हा आहे का?" मी बघायचो, यादी बघायचो, टाकी बघायचो आणि "येईल पुढच्या लॉटमध्ये" म्हणायचो. सरळ सांगायचं तर मी हात टेकले होते.

त्याच दिवसांत एका सकाळी चाचा गेले. नाश्ता करून खुर्चीत बसले होते, तिथेच. मी मातीला गेलो, कबरस्तानच्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि परत आलो. घरात दुःख आहे, अशा वेळी पाणी बदलायला कुठे जायचं, म्हणून मी दोन-अडीच आठवडे तिकडे फिरकलो नाही. घर माणसांनी भरलेलं, येणारे-जाणारे, त्यात टाकीकडे कोण बघणार? फिल्टर तुंबला होता. त्यांच्या सुनेचा, मी तिला भाभी म्हणायचो, तिचा फोन आला तेव्हा मोठा मासा तळाला पडलेला होता.

मी गेलो, फिल्टर साफ केला, पाणी बदललं. मेलेला मासा काढला. तो माझ्या न जाण्याने मेला होता हे मला कळत होतं आणि ते मी कोणाला म्हणालो नाही. चाची समोर आल्या नाहीत. त्या इद्दतीत बसल्या होत्या. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी आलो की त्या आतल्या खोलीत जायच्या आणि दाराचा पडदा ओढून घ्यायच्या. मी गेलो की परत टाकीसमोर येऊन बसायच्या, असं भाभीने सांगितलं. दिवसभर तिथेच.

"लहान राहिली का रे?" पडद्याआडून आवाज आला.

"राहिली, चाची. ठीक हाय."

"तिचाही गेला."

मी म्हणालो, "दुसरा आनून सोडतो, चाची. पुढच्या आठवड्यात."

मग त्या म्हणाल्या, "आत्ता नको. मी बसलेय, तीपण बसू दे माझ्यासंगं. माझी इद्दत सुटंल त्या दिवशी आण."

भाभी माझ्याकडे बघून किंचित हसली. चाची थट्टा करत होत्या की खरंच म्हणत होत्या, मला कळलं नाही. आवाज थट्टेचा नव्हता. मला यात वावगंही काही वाटलं नाही. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर लग्नकार्य होत नाही. नवरा जाऊन महिनाही झालेला नाही आणि दुसरा आणून सोडायचा, हे त्या घरात मलाच कसंतरी वाटत होतं. आठ वर्षं मासे विकणारा मी, त्या वेळी दुकानदार म्हणून तोंड उघडायला हवं होतं. मी शेजाऱ्यासारखा मान डोलावून निघालो.

चार महिने मी नेमाने गेलो. एक फेरी चुकवली नाही. लहान मासा खात होता. खरं तर दिसामासाने भरत होता. दोन महिन्यांत अंगाने दीडपट झाला, रुबाब आला, हात टाकीत घातला की बोटाला चावायला लागला. "चाची, चांगली सावरलीय," मी पडद्याकडे बघून सांगायचो. "खातेपिते, अंग धरलंय."

"माझ्या हातनं खाते," आतून उत्तर यायचं. त्या आवाजात जरा जीव आलेला असायचा. भाभी म्हणायची, अम्मी कोणाशी बोलत नाहीत, तिच्याशी बोलतात. मुलगा कतारला, तो फोनवरून दोन मिनिटं विचारपूस करायचा आणि रडायचा. चाचांची म्हणून त्या घरात हलती-बोलती एवढीच वस्तू उरली होती. ती जगवणं माझ्या हातात होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

इद्दत संपत आली तसा मी जोडीदार शोधायला लागलो. चाचींचा निरोप स्पष्ट होता. गेलेल्याएवढा मोठा हवा. आणि साधा हवा, ते नवे ठिपक्याठिपक्यांचे नकोत. होलसेलवाल्याकडे साधा मोठा मासा मिळेना. "साधा आता कोण पाळतो? प्लॅटिनम घे, झकास दिसेल." मी नाही म्हणालो. त्यापुढचा प्रश्न जातीचा. जोडी लावायची तर एकाच जातीची हवी, एवढं मला कळत होतं. पण आपला मासा कुठल्या जातीचा? दुकानात चाचा ऑसेलॅरिस म्हणाले होते, घरी परक्युला म्हणाले होते, आणि शेवटी त्यांचं काय ठरलं होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. भाभी म्हणाली, अब्बा सगळं कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचे. आम्ही कॉम्प्युटर सुरू केला. त्याने पासवर्ड मागितला. आम्ही कुवेत टाकलं, नातीचं नाव टाकलं, गाडीचा नंबर टाकला. मग तो बंद केला.

मी टाकीसमोर भिंग घेऊन बसलो. एकट्याने. काटे मोजले, एकदा दहा आले, एकदा अकरा. डोळा नारंगी दिसला, दिवा लावला तर करडा दिसला. मोबाईलवर फोटो काढून मुंबईला पाठवला. होलसेलवाला म्हणाला, "परक्युलाच आहे, डोळे मिटून घे. माझ्याकडे एक जुना मोठा आलाय, एकदम प्युअर." डोळे मिटूनच घेतला मी.

इद्दत सुटली त्या दिवशी सकाळी अकराला पिशवी घेऊन पोचलो. चाची हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. साडेचार महिन्यांनी मी त्यांना बघत होतो. भरलेलं अंग उतरलं होतं, हात बांगड्यांवाचून मोकळे होते. "बस," म्हणाल्या. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाणी सवयीचं होईपर्यंत आम्ही चहा प्यायलो. मग सोडला. मोठा, देखणा मासा. आपला मासा समोर आला, दोघं एकमेकांभोवती फिरले. मग तोंडाला तोंड लावून दोघांनी एकमेकांना धरलं आणि हिसडे दिले. भाभी घाबरली. मी म्हणालो, "ओळख करून घेतायत." चाची पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसल्या म्हणून मी खूश होऊन दुकानात परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत फोन आला. "लवकर या," एवढंच भाभी म्हणाली. मी गेलो तेव्हा आपला मासा वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून होता. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, एका बाजूचे खवले निघालेले. नवा मासा परत परत जाऊन धडक देत होता, आणि हाही पळत नव्हता, वळून चावत होता. मी जाळी घातली. दोघं दगडांत शिरले. मी एकेक दगड बाहेर काढला, फरशीवर खारं पाणी झालं, हात खरचटले. शेवटी नवा हाती लागला, त्याला बादलीत टाकला. तोवर आपला वाळूवर आडवा झाला होता. कल्ले हलत होते. औषध घातलं, हवेची नळी जवळ आणली. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं. चाची खुर्ची ओढून काचेजवळ बसल्या होत्या आणि हळू आवाजात त्याच्याशी काही बोलत होत्या.

मी पायरीवर येऊन होलसेलवाल्याला फोन लावला. त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. जोडीत मोठी असते ती मादी. लहान तो नर. मादी मेली की नर वाढायला लागतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी तोच मादी होतो. एका टाकीत दोन माद्या एकमेकींना जगू देत नाहीत.

"चार महिन्यांत मादी होते?" मी ओरडलो. "चार महिने थांबलो म्हणून ही मरायला टेकली?"

"लगेच मोठी आणली असतीस तर चाललं असतं. चार महिन्यांनी आणायचा तर बारका आणायचा." "बारका आणायला हवा होता?" मी पुन्हा ओरडलो. तो म्हणाला, "किंवा जातही वेगळी असेल. आता काय सांगणार?"

चाचा आठ वर्षं मोठीला बेगम म्हणत होते. त्यांना ठाऊक होतं, आणि आम्ही सगळे हसत होतो. मी फोन खिशात टाकला.

दुपारी दीडच्या सुमाराला कल्ले हलायचे थांबले. चाची खुर्चीवरून उठल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कशानं झालं रे?"

खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की चाची, तुमच्या इद्दतीने. ते या तोंडातून निघणार नव्हतं.

"जात चुकली, चाची," मी म्हणालो. "आपली ऑसेलॅरिस, हा परक्युला. होलसेलवाल्यानं नाव भलतंच लावलं आनि मी बघितलं नाय. माझी चूक हाय." मग मी थांबेचना. दहा काटे, अकरा काटे, काळी किनार, डोळ्याचा रंग, सगळं सांगत सुटलो. भाभी मान हलवत होती. चाचींनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

माझं संपल्यावर त्यांनी बादलीकडे बोट केलं. "ह्याचं काय?"

"सोडतो टाकीत."

"एकटाच?"

"सध्या एकटाच."

"उद्याच्या उद्या जोडी आण त्याला," चाची म्हणाल्या. "बारकी आण. आता थांबायचं नाय."

पायरीवर मी किती मोठ्याने बोललो होतो, ते मला तेव्हा आठवलं. मी खाली बघून बादली उचलली. आठ वर्षं मी त्या घरात माशांची नावं अजाणता चुकवली आणि खपून गेली. जाणूनबुजून एकदाच चुकीचं सांगितलं, आणि ते तेवढं चाचींनी ओळखलं.